चार एकर मिळाले, पण जायचं कुठून?

समाजकल्याण खात्याची एक योजना आहे, जिचं नाव एका दमात म्हणता येत नाही: कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या, दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला सरकार शेतजमीन विकत घेऊन देतं. चार एकर जिरायत (कोरडवाहू) किंवा दोन एकर बागायत (पाण्याखालची). 2004 साली योजना आली तेव्हा निम्मं अनुदान आणि निम्मं बिनव्याजी कर्ज होतं. ऑगस्ट 2018 मध्ये कर्ज काढून टाकलं आणि शंभर टक्के अनुदान झालं. दर एकरी जास्तीत जास्त पाच लाख जिरायतीला आणि आठ लाख बागायतीला.

या योजनेवर बोलायला लागलं की आमच्या मराठवाड्यात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "फुकट जमिनी वाटायलेत." दुसरं, "त्यांना दिली तरी ते कुठं करतेत, विकून खातेत." दुसऱ्या वाक्याचं उत्तर सोपं आहे. ही जमीन विकता येत नाही, बटईनं किंवा भाड्यानंही देता येत नाही, स्वतः कसायची ही अटच आहे. पहिल्या वाक्यासाठी मात्र जरा मागे जावं लागेल.

दादासाहेब गायकवाड म्हटलं की बऱ्याच जणांना 1930 चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. पण नंतर त्यांनी आयुष्य घातलं ते जमिनीत. 1959 ला भूमिहीनांचा सत्याग्रह, खानदेश-मराठवाड्यातून. मग 1964-65 ला देशभर, लाखो माणसं तुरुंगात गेली. मागणी काय होती? सरकारकडे पडीक जमीन पडून आहे, ती कसायला द्या. कुणाच्या घरातली काढून द्या असंही नव्हतं. यामागचा हिशेब गावात राहिलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ज्याच्याकडे जमीन नाही त्याची मजुरी, किराणा, सरपण, गुरांचा चारा, सगळं दुसऱ्याच्या बांधावर अवलंबून. उद्या गावानं बहिष्कार घातला की तिसऱ्या दिवशी चूल बंद. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात हे मराठवाड्यानं डोळ्यांनी पाहिलंय.

तर हेतूबद्दल माझं भांडण नाही. माझं भांडण जमीन येते कशी आणि येते कुठली, याच्याशी आहे.

या योजनेत सरकार कुणाची जमीन घेत नाही. सरकार गिऱ्हाईक म्हणून उभं राहतं. जाहिरात येते, ज्याला विकायची आहे त्यानं अर्ज करावा. मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती पाहणी करणार, रेडीरेकनर (सरकारनं ठरवलेला जमिनीचा दर) बघणार, वाटाघाटी करणार आणि खरेदी होणार. आता मला सांगा, रस्त्याला लागून, विहिरीला पाणी असलेली, काळी कसदार जमीन कोण या समितीकडे घेऊन जाईल? तिला बाजारात तिप्पट भाव आहे आणि पैसा लगेच हातात आहे. समितीकडे येते ती मुरमाड, माळावरची, भाऊबंदकीत अडकलेली, नाहीतर मधोमध सापडलेली, जिला चारी बाजूंनी दुसऱ्याचे गट (जमिनीचे नंबर पडलेले तुकडे) आहेत. विकणाऱ्यानं आपली डोकेदुखी सरकारच्या गळ्यात घालायची आणि सरकारनं ती सर्वात गरीब माणसाच्या नावावर करायची. योजनेचा सांगाडाच तसा आहे. अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी बिनविक्रेत्याच्या गावात तो काय खरेदी करणार? अर्जदारांची यादी एवढी लांब असते की चिठ्ठ्या टाकून नावं काढतात, आणि दुसऱ्या बाजूला जमिनीच नाहीत.

एकरी मर्यादाही सगळ्या राज्याला एकच. पुण्याजवळच्या मुळशीत आणि बीडच्या माजलगावात एकच आकडा. मुळशीत आठ लाखात एकर तर सोडा, किती गुंठे येतील ते मोजून बघा. म्हणजे ज्या जिल्ह्यात जमीन महाग तिथे योजना कागदावर, आणि जिथे स्वस्त तिथे वाईट जमिनीपुरती.

आमच्याच बाजूला एका विधवा बाईला अशी चार एकर मिळाली. (नाव, गाव सांगत नाही, तिला तिथंच राहायचं आहे.) तिचं शेत ओढ्याच्या पलीकडे. जायची वाट वरच्या माणसाच्या बांधावरून. खरेदी होईपर्यंत तो माणूस फार गोड बोलत होता, पहिल्या मृगाला त्यानं बांधावर बाभळीच्या काट्या टाकल्या. पेरणीला ट्रॅक्टर जाईना. डोक्यावर बियाणं नेऊन तिफणीनं जमेल तेवढं पेरलं, म्हणजे दीड एकर. काढणीला मळणीयंत्र जाईना, म्हणून सोयाबीनच्या गंजी डोक्यावर बाहेर आणल्या. पुढच्या वर्षी ती नवऱ्याच्या नात्यातल्या एका जोडप्याबरोबर परत ऊसतोडीला गेली. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन, कोयता घेऊन. चार एकरांची मालकीण कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, राहायला गेली, यावर हसावं की काय करावं कळत नाही.

रस्त्यासाठी कायदा नाही असं नाही. महसूल संहितेचं कलम 143 आहे, मामलेदार कोर्टाच्या 1906 च्या कायद्याचं कलम 5 आहे. तहसीलदारांकडे अर्ज करा, स्थळपाहणी होईल, तारखा पडतील, आदेश होईल. मग समोरचा प्रांताधिकाऱ्याकडे अपिलात जाईल. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपलेल्या बाईनं, ज्याच्या शेतात खुरपलं त्याच्याच विरुद्ध हे सगळं लढायचं. कागदावर शक्य आहे. आणि हे सगळं खरेदीच्या आधी, सरकारच्याच हातात पैसे असताना, एका अटीत मिटलं असतं.

हिशेबच करा. जिरायत चार एकरांना पाच लाखांनी सरकार वीस लाखांपर्यंत खर्च करायला तयार आहे. बागायत दोन एकरांना आठ लाखांनी सोळा लाख. म्हणजे कोरडवाहूवर जास्त पैसा जातो आणि पाणी मिळत नाही. विहिरीची वेगळी योजना आहे, बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन. पण ती दुसऱ्या खात्याची, वेगळा अर्ज, वेगळी निवड, वेगळी प्रतीक्षा. जमीन देणारं खातं म्हणतं आमचं काम झालं. पीककर्जाला बँकेत गेलं तर सातबाऱ्यावरचा हस्तांतरणबंदीचा शेरा बघून साहेब मान हलवतो. बी, खत, फवारणी कुठून आणणार? सावकाराकडूनच. त्यापेक्षा दोन एकर दिले असते, रस्त्यासकट, आणि उरलेल्या पैशात विहीर नि पंप बसवून दिला असता, तर ती बाई कोपीत गेली नसती. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे.

काही मित्र म्हणतात, आहे त्या शेतकऱ्याचंच भागत नाही, आणखी शेतकरी कशाला करता? मुद्दा खोटा नाही. 1970-71 ला महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या कृषी गणनेत ती 1.34 हेक्टरवर आली. सोयाबीन हमीभावाखाली विकावं लागतं तेव्हा चार एकरवाल्याच्या हातात काय उरतं ते मला माहीत आहे. पण चार एकरवाला ज्या गोष्टी गृहीत धरतो त्या भूमिहीनाकडे नाहीत. शेळ्या बांधायला जागा, घरची ज्वारी, मुलीच्या लग्नात सोयरिकीला सांगायला "आपलं रान आहे" हे एक वाक्य, आणि गावानं वाळीत टाकलं तर चार महिने तग धरायची ताकद. जमिनीनं श्रीमंत होता येत नाही हे ज्याच्याकडे जमीन आहे त्यानं म्हणणं फार सोपं आहे. (मी पण त्याच रांगेतला आहे, माझ्या नावावर वडिलोपार्जित आहे.)

आता मला सगळ्यात जास्त राग येतो ती गोष्ट. सरकार एकीकडे विकाऊ जमीन मिळत नाही म्हणून हात वर करतं, आणि दुसरीकडे त्याच समाजातली माणसं चाळीस-चाळीस वर्षं गायरान (गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन) कसत आहेत, त्यांच्या नावावर ते होत नाही. बीड, लातूर, परभणीत फिरा. दगडधोंडे वेचून, ताली (बांध) घालून यांनी रान केलं. एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून आयुष्यभर हाच प्रश्न लावून धरला. 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आहे: 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची. तीस वर्षं उलटून गेली. आजही लोक पिशवीत दंडाच्या पावत्या घेऊन फिरतात. पुरावा काय? गाव नमुना 1-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. ती तलाठ्याकडे. नोंद करायची ती त्यानं, आणि नोंद नाही म्हणून अर्ज फेटाळायचा तोही त्याच कचेरीनं.

2022 ला उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिला तेव्हा यांच्या दारात नोटिसा आल्या. हायवेच्या कडेला गायरानात शाळा-कॉलेजं, गोदामं उभी केलेल्यांना आणि दोन एकर ज्वारी पेरणाऱ्यांना एकाच मापात मोजलं गेलं. गावच्या सामाईक जमिनी वाचवा म्हणणारा 2011 चा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल सगळे दाखवतात. त्यातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींचा अपवाद लिहिलेला आहे, तो कुणी वाचून दाखवत नाही.

गुरांनी चरायचं कुठं, हा प्रश्न खरा आहे. धनगर, गवळी, गावातले शेळीवाले यांचाही हक्क त्यात आहे. म्हणून नवीन अतिक्रमण नको, आणि मी ते मागतही नाही. पण 1990 च्या आधी नांगर लागलेलं रान आता कुरण होणार नाही. ते त्यांच्या नावावर करायला मोजणी आणि फेरफार (मालकाच्या नावाची नोंद बदलणं) एवढाच खर्च आहे, वीस लाख नाही. खरेदीची योजना चालू राहू द्या, पण आधी हे करा.

या पोस्टखाली योजनेत अर्ज केलेले काही जण येतील, त्यांच्यासाठी. चिठ्ठीत नाव निघालं म्हणून घाईत होकार देऊ नका. शेत पाऊस पडून गेल्यावर बघा, उन्हाळ्यात ओढा दिसत नाही. गटाचा नकाशा काढा आणि गाडीवाट नकाशावर आहे का ते बघा. शेजारी तोंडी "जा की, कोण अडवतंय" म्हणाला तर त्यावर जाऊ नका. विकणाऱ्याचा दुसरा गट रस्त्याला लागत असेल, तर त्यातून जायचा हक्क गट नंबर नि रुंदीसकट खरेदीखतातच लिहून मागा. तो नाही म्हणाला तर समितीला लेखी कळवा आणि पोच घ्या. मोजणीच्या दिवशी चारी बाजूंचे शेजारी हजर ठेवा, दगड त्यांच्यासमोर रोवून घ्या. विहिरीचा अर्ज फेरफार मंजूर झाल्याच्या आठवड्यातच टाका. ज्यांना गटाचा नकाशा वाचता येत नसेल त्यांनी मेसेज करा, रविवारी मी मोकळा असतो.