नोंद घेतली म्हणे!

आमच्या भागातल्या साखर कारखान्याची पर्यावरणाची जनसुनावणी झाली एकदाची. गाळप वाढवायचंय, सोबत डिस्टिलरी वाढवायचीय, त्याला मंजुरी लागते, म्हणून हा सोहळा. वेळ सकाळी अकराची, सुनावणी घेणाऱ्या साहेबांची गाडी आली दीडला. ऐन सोयाबीन काढणीत! मजूर रानात बसून, मळणीयंत्र दुसऱ्याच्या शेतावर निघून गेलेलं, अन् आम्ही मंडपात पंख्याचा वारा खात बसलोय.

मंडप कुठं, तर कारखान्याच्याच आवारात. ज्याची तक्रार करायची त्याच्याच खुर्चीवर बसायचं, त्याच्याच माइकवर बोलायचं. पुढच्या रांगांत कामगार, चिटबॉय म्हणजे कारखान्याची शेतावर फिरणारी माणसं, मुकादम. एकेक जण उठतोय, "कारखान्यामुळं भागाचा विकास झाला" म्हणतोय, टाळ्या घेतोय, खाली बसतोय. मागं बसलेला शेतकरी गप्प. का गप्प? त्याचा ऊस फडात उभाय. आज तोंड उघडलं तर उद्या कारखान्याची ऊसतोड येत नाही, हे काय त्याला कुणी सांगायला लागतंय? वाळलेला ऊस घेऊन मग हिंडा कारखाने.

पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल म्हणाल तर इंग्रजीत, उशीला घ्यावा एवढा जाड. मराठीत नुसता सारांश, तोही असा की वाचून झाल्यावर आपल्याला मराठी येतं का नाही हीच शंका यावी. पण खरी मेख पुढंच आहे. हवापाण्याचे नमुने एकाच हंगामाचे घेतले तरी चालतात, अन् तेही पावसाळा सोडून. नियमच तसा आहे. अहो, आमचा ओढा वाहतो तोच मुळी पावसाळ्यात! जानेवारी-फेब्रुवारीत त्यात काय सापडणार, दगडं? रात्री धो धो पाऊस लागला की मळीचं काळं पाणी ओढ्यात येतं, पहाटं नाक धरून उठावं लागतं, अन् आठ दिवसांनी खालच्या विहिरींचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. गावातलं शेंबडं पोरगं सांगेल हे. अहवालात मात्र दहा किलोमीटरचा परिसर तपासलाय आणि सगळं मर्यादेत आहे! असणारच की. एक लिटर स्पिरिटमागं आठ-दहा लिटर असलं पाणी निघतं, ते जातं कुठं, असं विचारलं तर पडद्यावर हिरव्या अक्षरात उत्तर आलं: झिरो डिस्चार्ज. म्हणजे थेंबही बाहेर सोडत नाही म्हणे. संपला विषय.

पाण्याचं विचारलं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात तुम्ही गाळप वाढवताय, पाणी आणणार कुठून? तर पुण्याहून आलेला सल्लागार गोड हसून म्हणतो, "उसातच सत्तर टक्के पाणी असतं, आम्ही तेच वापरणार." वा रे पठ्ठ्या! मग उसात ते पाणी आलं कुठून? आमच्याच बोअरमधनं ना? यावर साहेब काय म्हणाले? "नोंद घेतली. पुढचे कोण?"

प्रत्येक प्रश्नाला हेच. ठरवणारं तिथं कुणी बसलेलंच नसतं. केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणं जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी बसतो, ऐकून घेतो, चित्रीकरण होतं, आठ दिवसांत कागद वर जातात. मंजुरीचा खल करणारी तज्ज्ञांची समिती तिकडं मुंबईत. म्हणजे जो ऐकतो त्याला ठरवायचं नाही, आणि जो ठरवतो त्यानं आमचा ओढा पाहिलेला नाही. एका पोरानं विचारलं, "साहेब, हात वर करून मत तरी घ्या." म्हणे, इथं मतदान नसतं. गणपूर्तीसुद्धा लागत नाही या सुनावणीला! ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार नसले तर ती तहकूब होते. इथं चार टाळकी आली तरी सुनावणी "पार पडली".

तरी ही सुनावणी झाली हेच नशीब समजा. पेट्रोलात मिसळायचं इथेनॉलच फक्त काढणाऱ्या काही डिस्टिलऱ्यांना 2021 साली तिच्यातूनही सूट मिळाली. गावाला थेट भूमिपूजनाची पत्रिका.

आणि सगळ्यात डोक्यात गेलं ते शेवटी. खालच्या वस्तीवरची एक मावशी धीर करून उठली. सांगत होती, गाभण म्हैस ओढ्याचं पाणी पिली अन् गाभडली, डॉक्टर म्हणाला पाणी बघा. जनावरांच्या दवाखान्याचा कागद हातात. साहेब म्हणाले, "ताई, लेखी द्या." तिला लिहिता येत नाही! अन् तेवढ्यात माईक खरखरला, बंद पडला. मंडपवाल्यानं लगेच दुसरा आणला, पण तो दिला कुणाच्या हातात? सरपंचाच्या. आभार मानायला.

नियम म्हणतो, कामकाज संपल्यावर इतिवृत्त लोकांच्या भाषेत तिथंच वाचून दाखवायचं. वाचलं. पळत सुटल्यासारखं वाचलं, निम्मी माणसं पत्रावळीच्या रांगेत असताना. मावशीचं झालं "एका महिलेने पाण्याबाबत शंका उपस्थित केली. प्रकल्पधारकाने शंकेचे निरसन केले." म्हैस गेली कुठं? दवाखान्याचा कागद गेला कुठं? अन् निरसन केलं कधी, आम्ही काय डोळे मिटून बसलो होतो?

चित्रीकरणाची प्रत मागितली तर म्हणाले, माहिती अधिकारात मागा. मागितली. दहा रुपयांचं तिकीट डकवून अर्ज टाकलाय. आता तीस दिवस बघायचं, त्यात मावशी दिसते, की नेमका तेवढ्यापुरता कॅमेरा साहेबांच्या हाराकडं वळला होता. नाही दिसली तर अपील आहेच. खालच्या वस्तीवरची सगळी माणसं सही-अंगठ्याला तयार आहेत, अन् यावेळी मावशीचं मी लिहून घेतलंय, तिच्याच शब्दांत, म्हशीसकट.