रोजच कसलं ‘धक्कादायक’?

सकाळी मोबाईलवर बातम्या उघडल्या की ‘धक्कादायक!’ नटीचा घटस्फोट, धक्कादायक. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, धक्कादायक. अहो, पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं त्यावरून गोदावरीचा पूर ओळखतो आम्ही नाशिककर. दर पावसाळ्यात. पाणी गुडघ्याला आहे की कमरेला, तेवढं नीट सांगा. गोदाकाठच्या दुकानदाराला माल हलवायला तेच कळायला हवं असतं. आम्हाला धक्का बसला की नाही हे तुम्ही बातमीवाले कशाला ठरवता?

आणि ‘थरार’! दहीहंडीचा थरार, शेवटच्या षटकाचा थरार, आणि निफाडकडे उसातून बिबट्याने कुणावर झडप घातली तरी ‘बिबट्याचा थरार’. ज्या घरातलं लेकरू गेलं त्यांनी हे वाचायचं? थरार बघणाऱ्याला असतो, लांब सुरक्षित उभं राहून. तिथे थरकाप उडाला म्हणा, दहशत बसली म्हणा. मराठीत शब्दांचा काय दुष्काळ पडलाय?

२७ ऑगस्ट २००३ ला इथे सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि रुग्णालयात माणसं श्वासावाचून गेली. अख्खं शहर सुन्न होतं. ‘धक्कादायक’ ते होतं. तोच शब्द तुम्ही घटस्फोटाला लावता, संताप येतो!

पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. तेव्हा गर्दीत खरंच काही घडलं आणि तुम्ही ‘धक्कादायक’ लिहिलंत, तर लोक न वाचताच पुढे सरकवतील.