झेलता आलं नाही तरी चालेल, नाच बसवा

परवा रविवारी मुलांच्या फ्लॅग फुटबॉलला (म्हणजे धडका न देता खेळायचा अमेरिकन फुटबॉल) एक बाबा आपल्या चिरंजीवांकडून टचडाउननंतरचा, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेऊन गुण मिळवल्यानंतरचा, नाच बसवून घेत होते. समोर मोबाइलवर टेरेल ओवेन्स या गाजलेल्या अमेरिकन फुटबॉलपटूचं रील. पोराच्या हातात चेंडू काही टिकेना, पण रेकॉर्डिंग झकास आलं पाहिजे म्हणून मॅच खोळंबली आणि आम्ही बाकीचे थंडीत कुडकुडत उभे. अशा होतकरू पालकांसाठी थोडं मार्गदर्शन.

मोजे उंच घ्या. २००२ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध टचडाउन केल्यावर ओवेन्सनं मोज्यातूनच मार्कर काढला, चेंडूवर सही ठोकली आणि तो प्रेक्षकांतल्या आपल्या आर्थिक सल्लागाराच्या हाती दिला. आखूड मोज्यात मार्कर राहत नाही.

दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरा. डॅलस काउबॉइज संघाच्या मैदानाच्या मधोमध रंगवलेला तारा म्हणजे तिथल्यांचं देवघरच. २००० साली ओवेन्स टचडाउन करून त्यावर जाऊन हात पसरून उभा राहिला. तेवढ्यानं भागलं नाही, पुन्हा गेला. डॅलसच्या जॉर्ज टीगनं धावत येऊन त्याला आडवं केलं. वर स्वतःच्याच प्रशिक्षकानं आठवडाभर घरी बसवलं. पण रील बघा की राव!

करारावरची शाई वाळली की तो अपुरा वाटू द्या. फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाबरोबर २००४ मध्ये सात वर्षांचा, सुमारे ४.९ कोटी डॉलरचा करार; वर्षभरात नवा हवा. त्याच्याकडे चेंडू फेकणारा संघातला क्वार्टरबॅक मॅकनॅब, त्याला टोमणे सुरूच. शिबिरातून हाकलल्यावर हा न्यू जर्सीतल्या घराच्या ड्राइव्हवेत उघड्या अंगानं सिट-अप्स काढतोय आणि पत्रकार जमलेत! नोव्हेंबरात संघानं उरलेल्या हंगामासाठी बाहेर बसवला.

सन्मान मिळाला तर रुसा. थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमनं दोनदा डावलून २०१८ मध्ये घेतलं, तर हा सोहळ्याला कॅन्टनला फिरकलाच नाही. आपल्या जुन्या चॅटनूगा विद्यापीठात वेगळा सोहळा केला.

एवढं सगळं तुमच्या रीलमध्ये असतं. काय नसतं, सांगू?

डिसेंबर २००४ मध्ये त्याचं पायाचं हाड मोडलं. पट्टी, स्क्रू बसवले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरनं खेळायला होकार दिला नव्हता. सातच आठवड्यांनी सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, तो उतरला आणि ९ झेल, १२२ यार्ड! ईगल्स तीन गुणांनी हरले, ते त्याच्यामुळे नव्हे. १९९६ मध्ये संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये ८८ जण त्याच्या आधी उचलले गेले होते. त्यानं पुढे १५,९३४ यार्ड आणि १५३ टचडाउन झेल काढले. ते काय मार्करनं?

अहो, तो मस्तवाल होता, संघाला पिडायचा, सगळं मान्य. पण नाचायच्या आधी तो चेंडू झेलायचा! पोराला ते शिकवायचं तर रोज संध्याकाळी मैदानात उभं राहून त्याला चेंडू फेकावे लागतात, तेही हात दुखेपर्यंत. तेवढे कष्ट तुम्हाला नकोत. आळशी आहात तुम्ही, आणि खापर मात्र ओवेन्सच्या नावावर फोडताय.