साठ हजारांचं पाकीट

इम्युनिटीसाठी गुळवेल चांगली की व्हिटॅमिन डी, यावर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही हिरीरीने वाद होतो. काका आयुर्वेदाची बाजू लावून धरतात, डॉक्टर भाची पुरावा मागते. मँचेस्टरमध्ये बसून ते वाचताना मला काळजी वाटते ती वेगळीच. किती घ्यायचं आणि कधी थांबायचं, हे कुणीच विचारत नाही.

पुण्याच्या मावशीकडे व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पाकिटं होती. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, आठवड्याला एक, आठ आठवडे. मुदत संपली तरी पाकिटं चालूच, कारण दुकानात चिठ्ठी कुणी मागत नाही. पुढे शेजारणीचं ऐकून मावशी रोज एक दुधात घालू लागली. इथे ब्रिटनमध्ये रोज घ्यायला सांगतात त्याच्या दीडशेपट! जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठत राहतं. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ होते, सारखी तहान लागते, मूत्रपिंडं बिघडू शकतात.

इथे ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हात दमच नसतो, त्वचेत डी तयार होत नाही. म्हणून सरकारी आरोग्यसेवा सांगते, थंडीत रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट घ्या. सावळ्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा. कशासाठी, तर हाडं आणि स्नायूंसाठी. डिसेंबर 2020 मध्ये कोविड भरात असतानाही ‘नाइस’ या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या इथल्या संस्थेने स्पष्ट सांगितलं होतं, केवळ कोविड टाळायला डी देऊ नका, तेवढा पुरावा नाही. त्या दिवसांत मला त्या स्पष्टपणाचा फार आधार वाटला.

अर्थात इथली दुकानंही हिवाळ्यात ‘इम्यून’ छापलेल्या महागड्या बाटल्यांनी भरतात. रोज व्हिटॅमिन सी घेऊन सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर बरी होते. तरी खप जोरात.

गुळवेलीचंही तसंच. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही. मग अंगणातली वेल कुणी ओळखायची?

मावशीला मी पाकिटं बंद करून आधी कॅल्शियम तपासायला सांगितलं. ग्रुपवर काका आणि भाची, दोघांनाही एकच विचारलंय: मात्रा किती आणि किती दिवस?