शेवया झाल्या, खायच्या कधी?

चैत्र संपत आला की आईच्या नजरेत एक चमक येते आणि मी ऑफिसात जास्तीचं काम मागून घेतो. उपयोग शून्य. शेवया रविवारीच करायच्या असतात.

शेवया दुकानात पाकिटात मिळतात, हे वाक्य आमच्या घरात वैशाखभर उच्चारायचं नसतं. गहू बन्सीच हवा. इटलीत १९६७ साली कायदा झाला की वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे. बन्सी म्हणजे ड्युरमच. तिथल्या संसदेला ज्यासाठी कायदा करावा लागला, ते आई गिरणीवाल्याकडे नुसतं बघून करून घेते. "आधी कुणाचं दळलंस?" हा तिचा पहिला प्रश्न. ज्वारीचं दळण झालेलं असेल, तर ओलवलेला गहू कडेवर घेऊन आम्ही पुढच्या गिरणीत.

यंत्र पितळी, आजीच्या वेळचं. टेबलाला स्क्रूने आवळायचं, वरून पिठाचा गोळा कोंबायचा आणि दांडा फिरवायचा. दांड्याचं खातं माझ्याकडे. पीठ इतकं घट्ट असतं की दांडा जागच्या जागी राहतो आणि टेबल फिरतं. म्हणून टेबलावर वजनाला मुलाला बसवतात. तो मोबाईल बघत बसतो आणि मधूनच म्हणतो, "बाबा, हलवू नका ना, आउट झालो."

"पीठ जरासं सैल केलं तर?" मी विचारलं.

"मग खिरीची पेज होते. फिरव."

खालून लोंबणाऱ्या शेवया बायको बोटांवर अलगद झेलते आणि काठ्यांवर टाकते. काठ्या खुर्च्यांच्या पाठींवर. त्या दिवशी आमच्याकडे बाथरूमला जायचं तर कमरेत वाकून जावं लागतं. पंखा एकवरच, कारण दोनवर लावला की शेवया एकमेकींच्या गळ्यात पडतात. थेट उन्हातही टाकायच्या नाहीत. वरून कडक होतात, आत ओल राहते, मग तडकून चुरा. आधी सावली, नंतर गच्ची. गच्चीवरच्या कबुतरांबद्दल मी काही बोलणार नाही.

खरी परीक्षा डब्यात भरण्याची. उन्हातून आणलेल्या शेवया गरम असताना भरल्या तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि बुरशी धरते. म्हणून त्या निवेपर्यंत कुणी डब्याजवळ फिरकायचं नाही. मग आई एक शेवई कानाशी नेऊन मोडते. छातीला नळी लावलेल्या डॉक्टरसारखा चेहरा. "कट्" आला तर पास. "कुट्" आला तर सगळा माल पुन्हा गच्चीवर. मला दोन्ही आवाज एकच वाटतात, पण मत विचारतंय कोण?

पास झालेल्या शेवयांची वाटणी होते. एक डबा लेकीचा, एक पाहुण्यांचा, एक "असू दे". सगळ्यांत मोठा डबा "असू दे"चा. तिन्ही माळ्यावर.

ज्येष्ठात मी म्हटलं, "आज खीर करूया?"

"आत्ताशी तर भरल्यात!"

श्रावणात विचारलं, तर झाकण उघडलं की दमट हवा शिरते, टोके होतात. दिवाळीत फराळ होता. थंडीत उत्तर आलं, "आता राहिल्यात किती? ताई आली की काढू." एवढ्यात घरात खीर झाली नाही असं नाही. झाली की, चांगली तीनचारदा. पाकिटातल्या शेवयांची.

शेवटी माघात ताई आली. आईने मला स्टुलावर चढवलं, डबा उतरवला, फडक्याने पुसला, वर्तमानपत्राचा थर बाजूला केला. शेवया काय दिसत होत्या! पिवळसर, सुतासारख्या, एकही तुटलेली नाही. तूप कढईत पडलंसुद्धा.

"आई, मला नको हं," ताई म्हणाली. "मी गहू सोडलाय. ग्लूटेन."

मी ताटली पुढे केली. आईने माझ्याकडे न बघता गॅस बंद केला आणि झाकण घट्ट बसवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "पाहुणेरावळे आले तर असू देत."