शीर चुकली

मागच्या रविवारपासून गावात मला ‘बीपीवाले सर’ म्हणतात. बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय, पण एवढ्या काळात ‘न्यूटनवाले सर’ कुणी म्हटलं नाही.

झालं ते आमच्या मारुती आठशेपायी. १९९७ चं मॉडेल, कारबोरेटरवालं, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळायचं जुनं यंत्र असलेलं. स्लोवर, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता चालू ठेवली की, थरथरते आणि ग्रामपंचायतीसमोरच्या ब्रेकरवरच नेमकी बंद पडते. तिथल्या ओट्यावर कधीही जा, सहा माणसं बसलेलीच असतात. मिस्त्रीनं तीनदा कारबोरेटर साफ केला आणि तीनदा पैसे घेतले. मग मीच ऑनलाइन एक व्हॅक्यूम गेज मागवलं. गोल डबी, आत शून्य ते ३० आकडे, खाली हातभर रबरी नळी. हीच डबी माझ्या अब्रूला नडली.

तत्त्व सोपं आहे. आठवीतल्या पोरालाही समजावं. ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की कारबोरेटरमधली झडप जवळजवळ मिटते, पण खाली पिस्टन हवा ओढतच राहतात. नाक दाबून श्वास ओढल्यासारखं. त्या ओढीनं मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे झडपेपासून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांमध्ये, पोकळी होते आणि गेज ती पाऱ्याच्या इंचांत दाखवतं. धडधाकट इंजिनाचा काटा स्लोवर १७ ते २१ च्या मध्ये कुठेतरी गपगुमान उभा राहतो. ठरावीक ठेक्यात टुचकन खाली पडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह गेलेला. झोपाळ्यासारखा सावकाश झुलत असेल तर हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडलेलं. स्थिर आहे पण खालीच बसलाय, तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडलंय किंवा कुठून तरी चोरून हवा शिरतेय.

यात एक मेख आहे. समुद्रसपाटीपासून दर हजार फूट वर गेलं की साधारण एक इंच कमी दिसतो. यवतमाळ साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे दीड इंच आमचा जागच्या जागी कापला. विदर्भाचा अनुशेष असा इंजिनाच्या आतपर्यंत गेलेला आहे. त्याची वजाबाकी करायला कोणतंही मंडळ नेमलेलं नाही, ती मीच कागदावर केली: आम्हाला साडेपंधरा ते साडेएकोणीस चालेल.

सकाळी सातला बॉनेट उघडलं. कारबोरेटरच्या अंगावर एक बारीक तोटी दिसली, तिच्यावरची नळी काढून गेजची बसवली, चोक ओढून गाडी चालू केली, इंजिन तापल्यावर चोक आत ढकलला आणि गेजकडे पाहिलं.

काटा शून्यावर.

“काय करून राह्यला रे भाऊ?”

मागे काकाजी. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गावातला अर्धा ताप अजून त्यांच्याच हातानं उतरतो. एका हातात खर्र्याची पुडी. दुसरा हात मोकळा, कारण तो दुसऱ्याच्या कामात घालायचा असतो.

“गाडी तपासतोय काकाजी.”

“हे तं बीपीची मशीन हाय.”

“बीपीची नाही. व्हॅक्यूम गेज.”

“पट्टा कुठं हाय हिचा?”

“हिला पट्टा नसतो.”

“बिनापट्ट्याचं बीपी!” त्यांनी पुडीचा रबर सोडला, चिमूट गालात ठेवली आणि रबर मनगटात अडकवला. एवढं सगळं करताना नजर गेजवरून हलली नाही. “बरं, वरचं किती अन् खालचं किती?”

“वरचं-खालचं काही नसतं. एकच आकडा. पाऱ्याचे इंच.”

“इंच?” इथे ते खरोखर दुखावले. “पारा मिलीमीटरमंधी मोजते. तीस वर्षं म्या मोजला. इंचात पजामा मोजते.”

मी शिक्षक आहे. हा माझा दोष असेल, पण चूक विधान ऐकलं की मला गप्प बसवत नाही. मी सांगितलं, एक इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर, तेव्हा २० इंच म्हणजे ५०८ मिलीमीटर. पारा तोच, फक्त पट्टी वेगळी.

“पाचशे आठ!” काकाजी दोन पावलं मागे सरले. “अबे, दोनशे वीसवर आमच्या पाटलाचं तोंड वाकडं झालं होतं.”

“हे उलटं आहे काकाजी. तुमचं यंत्र ढकलणं मोजतं, हे ओढणं मोजतं. हवेच्या दाबापेक्षा आत किती कमी आहे, ते.”

“म्हंजे लो बीपी.”

“तसं नाही...”

“कमी हाय म्हनून राह्यला न तू? मंग लोच झाला. अन् आता किती दावून राह्यलं?”

“शून्य,” मी म्हणालो. काय करणार, काटा त्यांच्याही डोळ्यांसमोर होता.

काकाजींनी डोक्यावरची टोपी काढली. “टाइम लिहून ठेव,” ते हळूच म्हणाले. “सात चाळीस.”

“अहो, इंजिन चालू आहे!”

“धुगधुगी रायते काही वेळ.”

आतापर्यंत ओट्यावरची मंडळी इकडे सरकली होती. एकानं माझ्या मोटारीशेजारी बंडी उभी केली आणि बैल सोडायच्या आधी “कोन गेलं?” म्हणून विचारलं. मी चिडून रेस दिली. काटा झर्रकन वर गेला, पाय काढताच पुन्हा शून्यावर आपटला. “झटका आला,” काकाजींनी जमलेल्यांना सांगितलं. मग माझ्या कानाशी वाकून, जमेल तेवढ्या मायेनं म्हणाले, “शीर चुकली असन तुही. लाजू नोको. मलेबी पयल्या पयल्या नाई सापडे.”

मी म्हणालो, “काकाजी, इंजिनाला शिरा नसतात.”

हे वाक्य मला आयुष्यभर पुरणार आहे.

कारण पुढचा तासभर मी काय केलं, तर डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचा, बोल्ट ढिला करून तो डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, आणि धड असलेलं टायमिंग व्यवस्थित बिघडवलं. काटा शून्य तो शून्यच. गाडी मात्र आता खोकायला लागली. शेवटी पाठ मोडली म्हणून बंपरवर टेकलो तेव्हा, मघाशी काढून ठेवलेली मूळ नळी कुठे जाते ते पहिल्यांदा नीट पाहिलं. ती जात होती डिस्ट्रिब्युटरला. म्हणजे मी धरलेली तोटी झडपेच्या वरच्या अंगाची. तिथे स्लोवर ओढ नसतेच. झडप थोडी उघडली की मगच ती तिथवर पोचते. मॅनिफोल्डची तोटी वीतभर खाली, टोपण घालून गुपचूप बसलेली.

शीर चुकली होती.

काकाजी बंडीच्या धुऱ्यावर बसून चहा पीत होते. माझ्या घरचा चहा. मी त्यांना काही बोललो नाही आणि नळी बदलली. काटा ११ वर आला. टायमिंग परत जागेवर आणलं तसा १२, १३ करत १४ वर चढला आणि तिथेच रुतला. स्थिर, पण खाली. कारबोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं तर एका कोपऱ्यात ते सुर्रकन आत गेलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. बुडाचं गॅस्केट, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारा पातळ थर, गेलेलं.

ते वयानं गेलं की पेट्रोलनं, देव जाणे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. १९९७ च्या रबराला आणि गॅस्केटला त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. ऊस पिकतो पश्चिम महाराष्ट्रात, रबर फुगतं आमच्या वऱ्हाडात. आणि गाडी पंधरा वर्षांवर ठेवल्याचा दंड वेगळाच: नूतनीकरणाची फी ६०० होती, ती २०२२ मध्ये एका फटक्यात ५००० झाली. ठीक आहे, भरली. पण मग सुटा भाग तरी मिळू द्या! गॅस्केटसाठी यवतमाळातली तीन दुकानं पालथी घातली. पहिला म्हणाला नागपूरला पाहा. दुसरा म्हणाला भंगारात पाहा. तिसऱ्या दुकानातल्या पोट्ट्यानं विचारलं, “कारबोरेटर म्हंजे सेन्सर का?” मी त्याच्या शिक्षकाचं नाव विचारलं नाही. निघालं असतं माझंच.

शेवटी मिस्त्रीनंच मार्ग काढला. जाड लग्नपत्रिका कारबोरेटरच्या बुडावर धरली आणि हातोडीच्या गोल टोकानं कडेकडेनं टकटक ठोकत कापली. पाच मिनिटांत गॅस्केट हातात. “नागपूरहून येईलोक चालते,” म्हणाला. आत कुठेतरी चि. सौ. कां. अशी सोनेरी अक्षरं दबलेली आहेत. गेज लावलं. साडेसोळा. काटा हलेना. वजाबाकी धरून अगदी जिथे हवा तिथे.

मी काकाजींना मुद्दाम हाक मारली. “पाहा. साडेसोळा.”

त्यांनी पाहिलं, मान हलवली, आणि घरून आणवलेली पिशवी उघडली. आत त्यांची जुनी पाऱ्याची मशीन. “आता तू बस,” म्हणाले. नाही म्हणायच्या आत दंडाला पट्टा आवळला होता. फुसफुस हवा भरली, पारा चढला, सगळं गाव पाऱ्याकडे बघत होतं. आणि पट्ट्याच्या फुग्यातली हवा काकाजींनी इतक्या सावकाश सोडली की त्या अवधीत मला माझी तीन दुकानं, पाच हजार रुपये आणि ग्रामपंचायतीचा ब्रेकर पुन्हा आठवून झालं.

“वरचं एकशे अठ्ठावन, खालचं शंभर.” त्यांनी पट्टा सोडला. “मीठ कमी कर. अन् गाडी इक.”

मीठ कमी केलंय.