अपडेट थ्रेडला विचारतंय कोण?

कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर बसून कुस्तीचा गेम करताय ना? थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी राबणाऱ्या गड्यांपैकी एक, आणि अपडेट थ्रेड म्हणजे दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, गेम पुढं सरकवणारा गडी. मग पडद्यावरच्या वस्तूंना फक्त अपडेट थ्रेडनंच हात लावायचा, हा जुनाट नियम आधी डोक्यातून काढा. बाकीच्या थ्रेडनी म्हणे आपलं काम रांगेत ठेवायचं आणि पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीला अपडेट थ्रेड ते उचलेल तोवर दम धरायचा. रांगा पुणेकरांना शोभतात. आपल्याकडं थेट विषय.

सर्व्हरकडून नव्या पैलवानाची माहिती नेटवर्कच्या थ्रेडवर आली? आली तशी ठोका यादीत. त्याच क्षणी अपडेट थ्रेड तीच यादी वरून खाली वाचत असेल, तर असू दे. सी शार्पमध्ये यादी मधेच बदलली म्हणून एक्सेप्शन, म्हणजे चुकीची बोंब, येईल, तेही कधीमधी. ती पकडून गिळणारा रिकामा कॅच लावला की तक्रार बंद. सी प्लस प्लसमध्ये तर आणखी मजा. वेक्टरला (तिथली वाढती यादी) जागा अपुरी पडली की तो सगळा माल नव्या जागी हलवतो आणि अपडेट थ्रेड जुन्याच पत्त्यावर वाचत बसतो. 2011 च्या स्टँडर्डनं अशी डेटा रेस, म्हणजे एकाच माहितीवर दोन थ्रेडची झटापट, ‘काहीही होऊ शकतं’ या सदरात टाकली आहे. काहीही म्हणजे कधीकधी बरोबरसुद्धा! तुमच्या लॅपटॉपवर तर बरोबरच चालणार, त्यात चुका शोधायचा डीबगर लावला असेल तर हमखास. प्रिंटची एक ओळ घाला, वेळेचं गणित सरकतं आणि बग गायब. ती ओळ तशीच ठेवून रिलीज करा. वर ‘काढू नये’ अशी कॉमेंट तेवढी टाका, मागून येणाऱ्यांना परंपरा कळायला नको?

एखाद्या शहाण्यानं रांग करायलाच लावली, तर तीही आपल्या पद्धतीनं करा. लोक लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घेऊन त्या घडीला असलेली कामं बाजूला काढतात, लॉक सोडतात आणि मग ती चालवतात. एवढे सोपस्कार कशाला? लॉक हातात धरूनच कामं चालवा. त्यातलं एक काम दुसऱ्या थ्रेडची वाट बघत असेल आणि तो थ्रेड रांगेत काहीतरी टाकायला त्याच लॉकसाठी खोळंबला असेल, तर गेम जो गोठेल तो गोठेल. रिव्ह्यूत सांगायचं, पॉज फीचर आहे. आणि रांग पूर्ण रिकामी होईपर्यंत फ्रेम संपवू नका. एखादं काम स्वतःलाच पुन्हा रांगेत टाकत असेल, तर ती फ्रेम आयुष्यभर चालेल. टिकाऊ फ्रेम करणं सगळ्यांना जमतंय होय?

सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद, 144 च्या मॉनिटरवर जेमतेम 7. एवढ्यात कंजूषपणा करू नका. आखाड्याचा मोठा फोटो बाजूच्या थ्रेडवर उलगडून फक्त टेक्स्चर (ग्राफिक्स कार्डाला द्यायचं चित्र) चढवण्यापुरतं ग्राफिक्सच्या थ्रेडकडं यायचं, ही धावपळ झाली. सगळं अपडेट थ्रेडवरच उरका. पैलवान हवेत थांबलेला दिसेल, पण डाव नीट बघायला मिळतो की. उलट ज्यांना फारच घाई आहे त्यांनी बाजूच्या थ्रेडवरूनच पडद्यावर चित्र काढणाऱ्या ओपनजीएलला हाक मारावी. त्याचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे चित्रकामाचा सगळा मांड, एका वेळी एकाच थ्रेडवर चालू असतो, त्यामुळं तिकडं बहुधा काहीच उमटत नाही. काळा पडदासुद्धा कलाच आहे.

खेळाडू कुस्तीच्या स्क्रीनवरून बाहेर पडला तर त्या स्क्रीनची रांगेतली कामं रद्द बिद्द करत बसू नका. दोन सेकंदांनी ‘विजयी’ची पाटी हलवायला ठेवलेलं काम येईल, पाटी मेमरीतून कधीच गेलेली असेल. क्रॅश झालाच तर 100 मिलिसेकंदांचा स्लीप (नुसतं थांबणं) टाका. पुन्हा झाला तर 200.

आणि नवा पोरगा येऊन “सर, हे सगळं शेड्युलरला एका ओळीत देता येतंय की” म्हणाला (शेड्युलर म्हणजे ती रांग सांभाळणारा तयार कोड), तर त्याला तांबड्या-पांढऱ्यावर न्या, पोटभर जेवू घाला आणि सोमवारपासून टेस्टिंगला टाका.